देवाला दोनदा विचारत नाहीत

अंथुर्ण्याच्या म्हस्कूआबासारखा कोर्टात हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चौपन्न साली मी बारामतीला एका वकिलांकडं कारकून होतो. निकाल विरुद्ध गेला की पक्षकार आधी वकिलाला शिव्या घालतो, मग साक्षीदाराला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर कारकून असतोच. आबानं घोंगडं सावरलं, न्यायाधीशांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून चालू लागला.

दावा त्याच्या घराचा होता. घर आणि मेंढरांच्या वाड्याची जागा त्यानं इंदापूरच्या रावजीकडं गहाण टाकली होती. ते पैसे मेंढरं देऊन फेडले, असं आबाचं म्हणणं. एक शेपूटसुद्धा मिळालं नाही, असं रावजीचं. कोर्टानं रावजीचं ऐकलं आणि घर सोडवून घ्यायचा आबाचा हक्क संपला. पुण्याला अपील करायची मुदत हाताशी होती, म्हणून वकीलसाहेबांनी मला अंथुर्ण्याला पिटाळलं.

आबा बिरोबाच्या देवळात कौल लावत होता. तो तिथला पुजारी. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोयरिकी जुळायच्या त्या पाकळ्यांवर आणि मोडायच्याही. मी पाहत होतो तेवढ्यात आबाचा हात थांबला. त्यानं चटकन मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या, त्यांना हे रोजचं असावं.

मी अपिलाचं सांगितलं.

"सायबानं कौल दिला, डावा पडला," आबा म्हणाला. "देवाला दोनदा इच्यारत न्हाईत."

"आबा, न्यायाधीश म्हणजे काय देव आहे?"

"मग त्येच्या म्होरं देवाची शपथ कशापायी घ्याया लावता?"

याचं उत्तर मला परतीच्या वाटेवर सुचलं, तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

मुदत उलटली. ताब्याची नोटीस घेऊन बेलिफ दारात आला, तेव्हा कुठं आबा बारामतीला आला. त्याची बायको बानूबाई उंबऱ्यावर बसून होती. घर का गेलं ते सांगा, मग उठते, एवढंच ती म्हणत होती.

"निकालाला कारन असतंय का?" आबानं मला विचारलं.

"असतं. न्यायाधीशांना ते लिहावंच लागतं."

त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी निकालाची नक्कल काढून वाचली. मेंढरं दिल्याची पावती नाही. दिली त्या वेळी हजर असलेली एकच व्यक्ती, म्हणजे आबाच्या मयत भावाची बायको नकोशी, तिला साक्षीला आणलं नाही.

आबा भिंतीला टेकला. "तिचं नाव लिवलंय?"

"लिहिलंय."

"ती माझ्या मागं उबी असती," तो हळू म्हणाला. "मी पाकळी लावाय लागलो की."

वकीलसाहेब म्हणाले, नकोशी साक्ष देणार असेल आणि उशिराचं पटण्यासारखं कारण लिहून दिलं, तर पुण्याचं कोर्ट कदाचित उशीर माफ करील. फार भरवसा धरू नका, पण जाऊन या.

नकोशी पिंपळीला भावाच्या मळ्यात राहत होती. वाटेत आबा आपणहून बोलला. नकोशीची लेक रतन तापानं फणफणली होती. इंदापूरच्या दवाखान्यात न्यावं का, म्हणून त्यानं कौल लावला. डावा पडला. पाठीमागं उभी असलेली नकोशी म्हणाली, "आबा, आजून एकदा लावा." त्यानं लावला नाही. पोर गेली आणि नकोशीनं घर सोडलं. ऐकताना मला या माणसाची कीव आली आणि त्याचा संतापही आला.

नकोशी वांगी तोडत होती. मी निकाल वाचून दाखवला.

"मेंढरं नेली ती मी बगितली," ती म्हणाली. "सांगाय यीन मी. पर आबा, तुमाला कोर्टानं कारन लिवून दिलं. माजं कारन कुठं हाय? देव न्हाय का म्हनला?"

देवाची मर्जी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. लोक दुसरं काय म्हणतात? मी आबाला डोळ्यांनी खुणावलंदेखील.

"कारन न्हवतं," आबा म्हणाला. "वारं आलं अन् पाकळी पडली. वारं आल्यालं मला कळलं हुतं."

हातातलं वांगं तिनं पाटीत ठेवलं.

"मग पुन्यांदा का न्हाय लावला?"

आबानं घोंगडं सावरलं. मग बांधावरून चालू लागला. साक्षीचं त्यानं पुन्हा काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही. त्या दिवशी मी त्याला वाटभर बोललो, वेडा म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

घर गेलं. बानूबाईला काय कारण सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण ती उठली, आणि दोघं देवळाच्या ओवरीत राहायला गेली. कौल लावणं आबानं सोडलं. पाकळ्या घेऊन कुणी आलं की दवाखान्यात जा म्हणायचा, मग प्रश्न लग्नाचा का असेना. लोक हसायचे.

पुढं एकदा दिवेलागणीला मी तिकडं गेलो होतो. आबा समईत तेल घालत होता. त्याचा हात थांबला, तो मागं वळला. माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं.

"थांब बाय," तो म्हणाला. "लावतो."

आणि रिकामी बोटं तांब्यात भिजवून त्यानं देवाच्या खांद्यांना लावली, आधी उजव्या, मग डाव्या.