मागच्या दाराची यमूआत्या

यमूआत्या कुणाच्या घरात पुढच्या दाराने शिरलेली मी कधी बघितली नाही. मोपेड उभी करायची, डोक्याचा रुमाल सोडायचा आणि घराला वळसा घालून थेट चुलीपाशी. घरमालक बिचारा पुढे ओटीवर खुर्ची पुसून, उतारे आणि नकाशे मांडून बसलेला असायचा. तो वाट बघतोय, त्याच्यासमोर मी वाट बघतोय, आणि आत्या आत मोरीच्या कट्ट्यावर बसून त्याच्या बायकोला विचारतेय, "काय गो, घरावर पैसे काढायचेत, तुला म्हायती हाय का?" बाई हो म्हणाली तर आत्या बाहेर येऊन कागद हातात घेणार. बाई गप्प राहिली तर चहा पिऊन, "कागद झकास हाईत तुमचे" असं सांगून मोपेडला पायडल मारणार. त्या माणसाला शेवटपर्यंत कळायचं नाही की त्याचं काम चुलीपाशीच बुडालं.

तिचं शहापूरच्या बाजारात विटा, रेती आणि सिमेंटचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, दुकान तिने एकटीने चालवलं. वय झाल्यावर माल उचलणं-उतरवणं होईना, तेव्हा दुकान आवरतं घेतलं आणि त्यातला पैसा लोकांच्या घरांवर लावायला सुरुवात केली. कुणाचं घर जोत्यावर अडलेलं, कुणाला भाड्याच्या दोन खोल्या काढायच्या, त्याला ती घर गहाण ठेवून पैसे द्यायची. सावकारीचा सरकारी परवाना फ्रेम करून भिंतीवर लावला होता. सगळा बाजार तिला आत्या म्हणायचा. तिच्यापेक्षा मोठे म्हातारेसुद्धा म्हणायचे.

मी तानसाच्या पाइपलाइनवर चावीवाला होतो. मुंबईला पाणी जातं त्या पाइपाच्या चाव्या उघडायच्या आणि बंद करायच्या, हे काम मी उभा जन्म केलं आणि नीट केलं. शिक्षण तिसरी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रिटायर झालो तेव्हा फंडाचे पैसे एकदम हातात आले. दोन मुलं आहेत, सुना चांगल्या आहेत, पण तंबाखूच्या पुडीसाठीसुद्धा त्यांच्यापुढे हात करायचा नाही हे मी ठरवून टाकलं होतं. तो फंड म्हणजे माझी पुढची सगळी वर्षं होती. ते गावात सगळ्यांना माहीत. मग काय विचारता, दारात रांग. एक जण म्हणाला सागाची झाडं लावा, वीस वर्षांत लखपती. मी म्हटलं, वीस वर्षांनी मी झाडाखाली असेन की झाडावर, ते तू सांग. दुसरा डोंगरउतारावरचे प्लॉट दाखवायचा. त्याच्या नकाशात बाग होती, जागेवर कारवीशिवाय काही नव्हतं.

मी म्हटलं, घरावर एक मजला चढवावा. आत्या उरलेल्या विटा स्वस्तात काढते असं ऐकलं म्हणून तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "जयभीम भिवा. विटा कशाला पायजेत?" मी सांगितलं. तिने मला एक पाट दिला आणि अर्धा तास झापलं. घर आहे ना तुला? मग वर आणखी घर कशाला? त्या मजल्यात पोरं राहतील, भाडं देणार नाहीत, आणि तू त्यांच्याकडे तंबाखू मागशील. पैसा लोकांच्या अडलेल्या घरांना लाव, दर महिन्याला व्याज घे. विटा तिने मला दिल्याच नाहीत.

पहिली अट घातली परवान्याची. मी म्हटलं, माझे पैसे, माझ्या घामाचे, ते द्यायला सरकारला कशाला विचारू? यावर आमचं पंधरवडाभर वाजलं. ती एकच बोलायची, "चोरून दिलेले पैसे चोरून मागावे लागतात रे." शेवटी मी सहकार खात्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने शिक्षण विचारलं, मी दोन टेबलं पलीकडे ऐकू जाईल असं "तिसरी" म्हणालो. परवाना मिळाला. तिच्यापेक्षा मोठी फ्रेम केली.

बाकीचे नियम तिने मला मोपेडवर मागे बसवून शिकवले. शेतजमिनीवर पैसे द्यायचे नाहीत, त्यात कूळ निघतं, वाटेकरी निघतात. गावठाणातल्या घरावर द्यायचे. घर कुणाच्या नावावर आहे ते पंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यात बघायचं, वकिलाकडून जुने व्यवहार तपासून घ्यायचे, गहाणखत रजिस्टर केल्याशिवाय रुपया सोडायचा नाही. घराच्या निम्म्या किमतीवर जायचं नाही. सगळा फंड एका घरात घालायचा नाही. आणि रोख हातात द्यायचीच नाही. जोतं झालं की विटा, भिंती झाल्या की सिमेंट आणि सळई, सगळा माल थेट जागेवर.

आणखी एक नियम होता, तो मला फार उशिरा पटला. तानसाच्या बाजूला एक बंगली बघायला गेलो होतो. मालकाला रंगकामाला आणि कुंपणाला पैसे हवे होते. कागद स्वच्छ, बायको हो म्हणालेली. पुढे रुंद ओटी, दोन रायवळ आंबे, वारा असा की टोपी धरून बसावं लागे. परत येताना मी त्या ओटीचं कौतुक करत होतो. आत्याने मोपेड थांबवली आणि म्हणाली, "मग तिथं द्यायचे नाय. ज्याचं घर आपल्याला आवडलं, त्याच्या बुडण्याची आपण वाट बघतो." मी पुष्कळ भांडलो. दिले नाहीत.

पहिलं कर्ज मी आटगावला दिलं, स्टेशनजवळ चाळीच्या खोल्या बांधणाऱ्या एकाला. दर महिन्याला व्याज दारात यायचं. त्यातून दोन्ही सुनांना लुगडी घेतली. पोरांनी विचारलं, पैसे कुठले? मी म्हटलं, तुमचे नाहीत एवढं समजा.

दुसरं धसईचं. तिथे पंडित म्हणून एक होता, मुरबाडच्या कारखान्यात कामाला. जुनं कुडाचं घर पाडून त्याला पक्कं घर बांधायचं होतं, शिवाय शेजारी दोन खोल्या, गावात बाहेरून येणाऱ्या मास्तरांना भाड्याने द्यायला. त्याची बायको विमल. आत्या तिच्याशी चुलीपाशी इतका वेळ बोलली की बाहेर पंडितचे आणि माझे सगळे विषय संपले. बाहेर येऊन म्हणाली, बाई पक्की आहे, देऊ. निम्मे तिचे, निम्मे माझे. सगळा फंड एका घरात घालायचा नाही हे खरं, पण उरलेल्यातला मोठा वाटा यात गेला.

जोतं झालं, भिंती झाल्या, स्लॅबचं सिमेंट आणि सळई जागेवर पडली. आणि इथे पंडितने एक काम केलं, जे आमच्याच भागातला माणूस करू जाणे. आमच्याकडे लावणीला सावड असते. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. पंडितने सिमेंटची सावड केली. त्याचे तीन चुलतभाऊ, तिघांचीही घरं अडलेली. त्याने तिघांना गोण्या वाटून टाकल्या. म्हणाला, माझा स्लॅब पडायच्या वेळी हे आणून देतील. भात असतं तर दिलंही असतं परत. मग कारखाना बंद पडला, भावांकडे दमडी नव्हती, पावसाळा लागला, उरलेल्या गोण्या ओल येऊन दगड झाल्या. चार भिंती उघड्या, आत प्लास्टिकचा कागद ताणून संसार, आणि आमचं व्याज बंद.

दिवाळी गेली, होळी गेली. मी वकिलाकडून नोटीस टाइप करून आणली. पैसे भरा, नाहीतर घर विकून वसूल करू. आत्याला म्हटलं, पोस्टात टाकतो. ती म्हणाली, पोस्टमनचे पैसे अडकलेत का? पैसे ज्याचे, तोंड त्याचं. चल.

धसईला पोचलो. मोपेड उभी केली आणि आत्या पुढे ओटीच्या जोत्यावर जाऊन बसली. मला म्हणाली, "आज मागच्या दाराने तू जा."

दार कसलं, भिंतीतलं भोक. विमल चुलीत फुंकर घालत होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, कोरा चहा ठेवला. पंडित मजुरीला गेला होता. मग तीच म्हणाली, "काका, कागद आणलाय ना? वाचा. आमाला तेवढं बी येत नाय."

मी कागद उलगडला. म्हटलं, वकिलाची अक्षरं बारीक आहेत आणि चष्मा घरी राहिला. चष्मा सदऱ्याच्या खिशातून बाहेर डोकावत होता. तिने खिशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहाचा कप पुढे केला. मी विचारलं, पाणी कुठून आणतेस? म्हणाली, विहिरीवरून, टेकाड उतरून. रस्त्यालगत पंचायतीचा पाइप जाताना मी येतानाच बघितला होता. मी तिला म्हटलं, पंचायतीची परवानगी काढ, मी नळाचे पाने-पकड घेऊन येतो. मला पाइप ठोकता येतो, तेवढं मी कुणाच्या बापाला विचारत नाही.

परत येताना आत्याने विचारलं, वाचलीस? मी म्हटलं, चष्मा नव्हता. ती अशी हसली की मोपेड रस्ता सोडून भाताच्या बांधाला लागली. मग उतरली, बांधावर बसली, आणि हसणं थांबल्यावर म्हणाली, "माजे पण हाईत रे त्यात. मला पण झोप नाय. पण छप्पर नाय तवर ते घर नाय, विटांचा ढीग हाय. ढिगाला गिऱ्हाईक कोण?"

मी म्हटलं, अजून पैसे मी घालणार नाही. ती म्हणाली, मागितले कुणी?

पुढच्या आठवड्यात ती पंडितच्या तिन्ही चुलतभावांच्या घरी जाऊन आली. मागच्या दारानेच. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एवढं कळलं की तिघांच्या बायकांपैकी एकीलाही ते सिमेंट कुणाचं आणि गहाण कुणाचं घर पडलंय हे माहीत नव्हतं, आणि त्या संध्याकाळी तिन्ही घरांत भाऊ लोकांना जेवण उशिरा मिळालं. रविवारी तिघेही कोयते, दोरखंड घेऊन पंडितच्या दारात हजर. स्लॅबची सळई आत्याने ओळखीच्या दुकानदाराला परत घ्यायला लावली. तो नको म्हणत होता, पण त्याची बायको आत्याची जुनी मैत्रीण. सळईच्या पैशात वासे आणि कौलं आली. स्लॅब गेला, कौलारू झालं. मजुरी सगळी भावांची. माझा नळ मी जोडला, फुकट. पाणी आलं तेव्हा विमलने पहिली कळशी आत्याच्या पायावर ओतली, आणि आत्या ओरडली, अगो, चपला भिजल्या.

त्या पावसाळ्याच्या आत दोन्ही खोल्या भरल्या. एकीत मास्तर, दुसरीत दवाखान्यातली नर्स. भाडं विमल स्वतः गोळा करायची आणि त्यातून आमचं व्याज आणि थोडं थोडं मुद्दल देत राहायची. पंडितला नंतर दुसरीकडे काम लागलं, पण पैसे तिच्याच हातून यायचे. वेळ लागला, बरीच वर्षं लागली. पण मला आजपर्यंत पोरांपुढे हात करावा लागलेला नाही, आणि लागणार नाही.

शेवटचा हप्ता आला तोवर आत्या खाटेला खिळली होती. मोपेड विकली होती. मी तिचा डबा पोचवायचो, तिला उठवत नसे म्हणून किल्ली माझ्याकडेच असायची. मुरबाडच्या रजिस्ट्रारकडे गहाण सोडवल्याचा कागद झाला. पंडितने सही केली, विमलने अंगठा न देता सही केली, नाव तिला नर्सबाईने शिकवलं होतं. मी तिथून तडक शहापूरला आलो आणि आत्याचे निम्मे पैसे तिच्या उशाशी ठेवले. तिने ते मोजले नाहीत.

"घर त्यांच्याकडंच राह्यलं ना?"

"राहिलं."

"मग आपला धंदा झाला," म्हणाली, आणि कुशीवर वळली.

ती गेली तेव्हा आटगावपासून धसईपर्यंतची माणसं आली. बायका जास्त. ज्यांच्या चुलीपाशी ती बसली होती, त्या. कुणाचा स्लॅब, कुणाची चाळ, कुणाचं जोतं, सगळ्या आपापल्या घराचं सांगत होत्या. सगळं आटोपल्यावर एक माणूस माझ्याजवळ आला. ओळख नव्हती. म्हणाला, आत्या राहत होत्या ती खोली माझी, भाड्याने दिलेली, किल्ली तुमच्याकडे असते असं कळलं.

मी खिशातून किल्ली काढून त्याला दिली.