कानाचे मोल्ड धुतले आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरवली

चहा हातात घ्या, पण मी बोलतोय तोवर घोट घेऊ नका, ठसका लागेल. मागच्या रविवारी मी नवीन पनवेलमधली आमची अख्खी बिल्डिंग खाली उतरवली. आग नाही, भूकंप नाही. मी फक्त कानाची मशिनं साफ केली होती.

ज्यांना मशीन नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीन कानामागे बसतं, त्याला एक नळी आणि नळीच्या टोकाला आपल्या कानाच्या मापाचा मोल्ड. त्यात मळ साचतो. म्हणून मोल्ड नळीसकट मशीनवरून काढायचा, साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, फुंकून नळीतलं पाणी घालवायचं आणि चांगला वाळला की परत लावायचा. मशीनला मात्र पाण्याचा थेंबही नको. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, एका वेळी एकच काढा. डावा-उजवा बदलला तर कानात नीट बसणार नाही."

मी काय केलं असेल? दोन्ही एकाच वाडग्यात टाकले.

वाळल्यावर घातले तर जरा टोचत होते. म्हटलं, स्वच्छ वस्तू सुरुवातीला टोचतेच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या, "अहो, बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. गॅसच्या पाइपातून नसेल ना?"

बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस नुकताच आलेला, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. आणि मी कोण? पाताळगंगेच्या केमिकल कंपनीतला निवृत्त सेफ्टी ऑफिसर. रिटायर झाल्यापासून या क्षणाची वाटच बघत होतो म्हणा ना.

खरं सांगू, मला शिट्टी ऐकूच येत नव्हती. माझ्या कानांना बारीक आवाज मशीन लावूनही सापडत नाहीत. पण सेफ्टी ऑफिसरने तसं कबूल करायचं?

"येतोय. स्पष्ट येतोय," मी म्हणालो. "गळतीच आहे. वासाची वाट बघायची नाही. बटणांना हात लावू नकोस."

मेन कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. "गेला का आवाज?"

"छे. तुम्ही इकडे आलात तसा वाढलाच."

म्हणजे गळती पसरतेय. मी जिन्यात धावलो. बेल वाजवली तर ठिणगी पडेल, म्हणून प्रत्येक दारावर मुठीने धडाधडा ठोकत सुटलो. समोरच्या सॅमसन पेणकरांनी बनियनवरच दार उघडलं. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस. कान टवकारून म्हणाले, "खरंच की. आमच्या दारातसुद्धा शिट्टी वाजतेय."

"तुमच्याकडेही पोचला? लिफ्ट नको, जिन्याने उतरा."

ज्या दारावर जावं तिथे तेच. दार उघडायचं, शिट्टी ऐकून माणूस पांढरा पडायचा आणि चपला न घालता खाली पळायचा. माझा अंदाज प्रत्येक मजल्यावर खरा ठरत होता. इतकं यश मला नोकरीतही मिळालं नव्हतं.

खाली पार्किंगमध्ये सगळे जमले. गॅसवाल्यांना फोन झाला. मी मधोमध उभा राहून माणसं मोजायला लागलो, तर मूळच्या नेरे गावच्या म्हात्रे आजी म्हणाल्या, "भाऊ, आमी खाली आलो, पन शिट्टी बी आमच्या मागनं आली."

मी मोजणी तिथेच सोडली. "खालच्या पाइपातूनही गळतोय. सगळे गेटकडे सरका."

लोक सरकले. त्यांच्यामागे मीही गेलो. लोक आणखी सरकले. मी आणखी पुढे. शेवटी सगळी मंडळी रस्त्यापलीकडे आणि मी ओरडतोय, "अजून मागे, अजून मागे."

गॅसवाला आला, यंत्र घेऊन वरपासून खालपर्यंत फिरला आणि म्हणाला, "काका, कुठेच गळती नाही."

"नाही कशी? एवढ्या लोकांना ऐकू येतंय."

तो काही बोलणार, तोच सुनंदा माझ्या कानाशी काहीतरी सांगायला आली आणि दचकून मागे झाली. मग तिने तळहात माझ्या उजव्या कानाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. हात जवळ आला की शिट्टी वाढत होती आणि मोल्ड अदलाबदल होऊन सैल बसले की मशीन असंच वाजतं, हे मला नंतर कळलं. लगेच तिने माझी दोन्ही मशिनं काढून बंद केली.

माझं जग एकदम चिडीचूप झालं. पाहतो तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या पिटतायत. म्हात्रे आजी डोळे पुसतायत. पेणकर तर माझ्या खांद्याला धरून थरथरत होते.

माझा ऊर भरून आला. एवढी माणसं सुखरूप बाहेर काढली, त्याचं लोकांनी चीज केलं. मी दोन्ही हात जोडले आणि चांगलं खणखणीत भाषण ठोकलं, "मंडळी, आभार कसले मानता? असा धोका मी लांबूनच ओळखतो."