दिनकरसरांची बारा फुटी भिंत

कांद्याच्या चाळीत एक कांदा सडला की शेजारचे पाच सडतात. शूटिंगच्या किश्श्यांचंही तसंच आहे, एक सांगायला घ्यावा तर पाच पुढे येतात. गेल्या वर्षी विंचूरजवळच्या एका बंद गोडाऊनमध्ये आमच्या सिनेमाचा तुरुंग उभा राहिला, तेव्हापासून माझ्या डोक्यात जागाच उरलेली नाही. मी कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे मागच्या शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये जसंच्या तसं आहे ना, हे फोटो काढून ताडून बघायचं. सकाळी इंदिरानगरहून शहाणी निघायचे आणि संध्याकाळी येडी होऊन परतायचे.

सिनेमा जेल फोडून पळण्याचा. पळणारे कैदी दिनकरसर, वय अडुसष्ट. त्यांना अडवणारे जेलर मनोहरसर, वय सत्तर. दोघंही एकेकाळचे मारधाडीचे बादशहा, एक हिरो, एक व्हिलन, आता दोघांच्याही गुडघ्यांना पट्टे! शेवटच्या सीनमध्ये सोबतचा कैदी खांदा देतो आणि दिनकरसर बारा फुटी भिंत चढून पलीकडे जातात. त्यासाठी प्रोड्यूसरने ड्युप्लिकेट आणून ठेवला होता. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चाळीस वर्षं उड्या दुसऱ्याने मारल्या, टाळ्या मी घेतल्या. ही एक भिंत मला चढू द्या."

प्रोड्यूसर हो म्हणाला, पण ड्युप्लिकेटला रोज सरांसारखे कपडे घालून तयार ठेवायचा.

*

बाकीचे कैदी म्हणजे लासलगावच्या कांदा मार्केटमधले हमाल, सुट्टी काढून आलेले. सगळ्यांच्या शर्टांवर कैदी नंबर. मी सकाळी एकेकाचा फोटो काढला. जेवण करून आले तर नंबर सगळे बदललेले. सकाळचा एक्केचाळीस आता सतरा! मला वाटलं, माझ्याच फोनमध्ये काहीतरी बिघडलंय.

त्यांच्यातले वडीलधारे नामदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, मार्केटात माझा बिल्ला सतराचा हाय. एक्केचाळीस माझ्या साडूचा. त्याचा नंबर मी कसा घालू?"

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी आपापल्या बिल्ल्याप्रमाणे शर्ट बदलून घेतले होते. सकाळचे चार शॉट परत घ्यावे लागले. नामदेवभाऊ मात्र शेवटपर्यंत सतराच राहिले.

*

मग आली जेलमधली दंगल. अंगणात पोत्यांचा ढीग, बाजूला उघडा ट्रक, तीन कॅमेरे. डायरेक्टरने कैद्यांना सांगितलं होतं की ॲक्शन म्हटल्यावर एकमेकांवर तुटून पडा. ॲक्शन झालं आणि कैद्यांनी पोती पाठीवर घेतली. कट कट म्हणून ओरडणाऱ्या डायरेक्टरला बाजूला सरकवत त्यांनी ट्रकमध्ये व्यवस्थित थप्पी लावली आणि घाम पुसत उभे राहिले.

डायरेक्टर अजून कट कट ओरडतच होता. नामदेवभाऊंना तर त्याचंच नवल वाटलं. "गाडी उभी हाय, माल खाली पडलाय, मंग भांडायचं कशापायी?"

*

कैदी आणि जेलरच्या मारामारीला तर अख्खा सेट बघायला जमला होता. दिनकरसरांनी हात उगारला आणि पोट धरून कोसळले. समोर मनोहरसरही पोट धरून कोसळले. ठोसा कुणाचा कुणाला लागला, तेच कळेना. मी फोटो तीनदा बघितला, तरी नाही कळलं.

जमिनीवरूनच दिनकरसरांनी मित्राला विचारलं, "अरे, या सीनमध्ये मार मी खाणार होतो ना?"

मनोहरसर धापा टाकत म्हणाले, "तीस वर्षं मीच खातोय रे. सवयीने पडलो." मग दोघांनाही उठता येईना. ते काम हमालांनी केलं.

*

भिंत मात्र काही केल्या होत नव्हती. तीन दिवसांत तीन प्रयत्न झाले. एकदा गुडघा दुखावला, एकदा दम लागला, एकदा वरून हात सुटला. मग डायरेक्टरने गुपचूप भिंत दोन फूट कमी करून घेतली. सकाळी सर भिंतीखाली उभे राहिले, हात वर करून अंदाज घेतला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. भिंत पुन्हा बारा फूट होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

*

शेवटचा दिवस उजाडला. भिंतीला नवा चुना मारला होता. जेवणाची सुट्टी झाली, कॅमेरावाल्यांसकट सगळं युनिट पंगतीला गेलं. जाताना मी भिंतीचा फोटो काढला, पांढरीशुभ्र. परत येऊन बघते तर खालपासून वरपर्यंत बुटांचे ठसे! मी चिडून ज्याला त्याला विचारत सुटले. सतरा नंबरसमोर आले आणि थांबले. त्यांच्या दोन्ही खांद्यांवर बुटांची माती होती.

नामदेवभाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "सायेब गेले वरून. एकदा नाय, दोनदा. म्या फकस्त खांदा दिला."

मी धावत सुटले. दिनकरसर छत्रीखाली पेरूला मीठ लावत बसले होते, पँटच्या गुडघ्यांना चुना. मी म्हटलं, सर, कॅमेरा लावून घेऊ या, आत्ताच्या आत्ता घेऊ या. त्यांनी ड्युप्लिकेटला हाक मारली आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "अहो पण सर, तुमची भिंत..."

"माझं झालं," ते म्हणाले आणि पेरूची अर्धी फोड माझ्या हातावर ठेवली.