न लागणारं दार

"परत लाव."

गॅरेजमध्ये कुणीही गाडीचं दार लावलं की पत्र्याच्या कामाच्या कोपऱ्यातून ही आज्ञा यायची. लावणारा मालक असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर चहा घेऊन आलेला माणूस असो. चाचा मान तिरकी करून, डोळे मिटून, उजवा कान पुढे काढून उभे असायचे. दार दुसऱ्यांदा लागलं की निकाल द्यायचे, "खालची बिजागरी गेली हाय." आणि पुन्हा हातोडी उचलायचे. गाडी कुठली, कुणाची, हे नंतर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला पाहुण्याच्या नावाआधी त्याची खोड कळते.

बहरीनमधल्या तुबलीतल्या या गॅरेजच्या ऑफिसात मी बसतो. गाड्या आत घेणं, लोकांच्या शिव्या खाणं आणि "उद्या नक्की, इंशाल्ला" म्हणणं, हे माझं काम. अकोल्याहून आलो तेव्हा हा शब्द माझ्याकडे नव्हता, आता त्याच्यावर माझं घर चालतं. चाचा रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. माझ्या कितीतरी आधी इथे आलेले. त्यांचं पूर्ण नाव फक्त व्हिसाच्या कागदावर होतं. बाकी सगळ्या दुनियेचे ते चाचा.

बुद्धपौर्णिमेला माझी बायको त्यांच्यासाठी खिरीचा डबा द्यायची. ईदला ते आमच्याकडे सांदणं आणायचे. सलमाबादच्या कामगारांच्या खोलीवर, सगळ्यांच्या सामायिक शेगडीवर, वाट्यांमध्ये स्वतः वाफवलेली. कधी कच्ची, कधी दगड. आम्ही मुकाट्याने खायचो. पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा घ्यायच्या आधीच त्यांनी आमच्या फ्लॅटचं करकरणारं दार दुरुस्त केलं. तेव्हापासून माझी मुलगी त्यांना 'डोअर अंकल' म्हणते. ती इंग्रजीत बोलायची, ते कोकणीत. दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमायचं.

एकदा ते तापाने पडले म्हणून मी खोलीवर गेलो. दुमजली पलंगांच्या रांगेत ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मागे दार वाजलं. "हा केरळवाला," चाचा न वळता म्हणाले. पुन्हा वाजलं. "हा बिहारी. लाथेनं ढकलतो मेला."

"बरोबर," मी म्हणालो. "आणि तुम्हाला भेटायला कोण येतं चाचा?"

"येतात की. सगळे याच दरवाजातनं येतात."

"तुम्हाला भेटायला म्हणतो मी."

त्यांनी चादर खांद्यावर ओढली. "तू आलास ना," म्हणाले. मला त्या माणसाची तेव्हा फार दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

ती गाडी आली तेव्हा चाचांचं जायचं ठरलं होतं. या खेपेचा व्हिसा संपला की कायमचं घरी, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. मुलगा गावी नवं घर बांधत होता. बायको काही वर्षांपूर्वी गेली होती. चाचा पोचेपर्यंत दफनसुद्धा उरकलं होतं. याविषयी ते एवढंच बोलायचे, जास्त नाही.

गाडी टोइंगच्या ट्रकवरून उतरली आणि सगळं गॅरेज बाहेर आलं. दोन दारांची, लांब नाकाची, जुनी अमेरिकन गाडी. गोल दिवे, गर्द हिरवा रंग, खाली गंजून जाळी झालेला पत्रा. असल्या गाड्या चालवत नाहीत, होडीसारख्या सोडतात, असं आमचा फोरमन म्हणतो. गाडीचा मालक वारला होता. त्याचा मुलगा, टॅबलेट घेऊन फिरणारा बहरीनी तरुण, ती आपल्या आईसाठी पुन्हा उभी करणार होता. आईने लग्नानंतरची सगळी वर्षं या गाडीत काढली होती. तिला पुन्हा तिच्यात बसवून झल्लाकच्या किनाऱ्यावर न्यायचं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा छोटी होती, टॅबलेटवरची चित्रं मोठी होती. पुढे दिव्यांची सरळ पट्टी, आत टीव्हीएवढा स्क्रीन, पत्र्यात लपणारे हँडल.

चाचांनी सगळी चित्रं बघितली. मग गाडीकडे गेले, आईच्या बाजूचं दार लावलं. ते लागलंच नाही. लोंबत होतं. उचलून आपटलं तेव्हा कुठे बसलं. "परत लाव," ते स्वतःलाच म्हणाले, आणि पुन्हा आपटलं.

मग त्या मुलाला त्यांनी आपल्या हिंदी-अरबी खिचडीत समजावलं. मी मध्ये दुभाष्या होतो. गाडीचा चेहरा, कंबर आणि आवाज, या तीन ठिकाणी हात लावायचा नाही. बाकी काय नवं करायचं ते कर.

"साडी आजीची, ब्लाउज नवा, असं चालतं," ते मला म्हणाले. "दोन्ही नवं केलंस तर आजी कुठाय? आणि दोन्ही जुनं ठेवलंस तर सून नेसायची नाय. सांग त्याला."

साडी-ब्लाउजचं अरबी माझ्याकडे नव्हतं. मी आपलं काहीतरी सांगितलं. मुलगा हसला आणि कबूल झाला.

त्यानंतर महिनोन् महिने रोज भांडण. गोल काचा तशाच, आतले दिवे नवे. क्रोमचा बंपर जुनाच, पण अंगाला जरा जवळ घेतलेला, म्हणजे गाडी जाडी दिसत नाही. चाकं थोडी मोठी, नक्षी जुनी. एसी नवा, कारण इथल्या उन्हात आठवणीसुद्धा वितळतात. स्क्रीनवरून तर तीन दिवस अबोला झाला. शेवटी तो समोरच्या कप्प्याच्या आत बसला. झाकण लावलं की जुनी गाडी, उघडलं की नवी. कंबरेची रेघ, म्हणजे पुढच्या दिव्यापासून मागच्या टोकापर्यंत जाणारी पत्र्याची घडी, चाचांनी पुठ्ठ्यावर उतरवून घेतली होती. पत्रा बदलला तरी ती घडी केसभर हलू दिली नाही. हँडलही जुनीच राहिली.

आणि दार. नवी बिजागरी, नवं रबर. दार सोडलं की स्वतःच जाऊन बसायचं, टक. चाचा गॅरेजभर सगळ्यांना बोलावून ते लावायला सांगायचे. "परत लाव. परत लाव." डोळे मिटून ऐकायचे. मला वाटतं, आपलं सगळं इथलं आयुष्य त्यांना त्या एका आवाजात सरळ बसल्यासारखं वाटत होतं. ही शेवटची गाडी, आणि ती आईने ओळखली पाहिजे. "ती बसली, हसली की खलास. मी चाललो," असं ते म्हणत.

आई आली. काळा पायघोळ अबाया, हातात काठी, हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणत होते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्यावरून हात फिरवला. चेहरा उजळला. मुलाने दार उघडलं. ती आत बसली आणि दार हलकेच ओढलं. टक.

ती तशीच बसून राहिली. मग काच खाली करून म्हणाली, "ही आमची नाही."

मुलगा दिवे दाखवायला लागला, रंग दाखवायला लागला. तिने मान हलवली. हळूहळू जे बोलली ते मी चाचांना तसंच सांगितलं. ते दार कधीच आतून लागत नसे. तिचा नवरा प्रत्येक वेळी चडफडत उतरायचा, पुढून वळसा घालून यायचा, दार उचलायचा आणि आपटायचा. भर उन्हात. बाजारासमोर. भांडण होऊन बोलणं बंद असलं तरी यावंच लागायचं. दर महिन्याला म्हणायचा, दुरुस्त करून आणतो. कधी आणलं नाही.

"आता कोण येणार?" ती म्हणाली. तक्रार नव्हती, विचारलं होतं.

चेहरा, कंबर, आवाज. सगळं राखलं होतं, आणि नेमका दोष तेवढा काढून टाकला होता. चाचांनी हात पुसले आणि ते आपल्या कोपऱ्यात गेले.

दुपारी जेवायला मी त्यांच्याजवळ बसलो. ते बराच वेळ डब्यातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, "गावच्या घराच्या मागच्या दरवाजाचा लाकूड पावसात फुगायचा. जमिनीला घासायचा. खर्रर. बायकोनं प्रत्येक सुट्टीला सांगितलं, जरा रंधा मारा. मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीला."

"मग?"

"मग काय. तिला चुलीजवळ बसून समजायचं कोण आलं ते. सासू ढकलायची वेगळी, पोरगा वेगळा. मी सुट्टीवर येऊन मागनं शिरलो तर न बघता म्हणायची, आलात?" त्यांनी भात पुन्हा कालवला. "दुनियेचे दरवाजे सरळ केले रे मी. तो एक राहिला. बरं झालं राहिला."

त्यांनी तिथूनच गावी आपल्या मुलाला फोन लावला. मागचा दरवाजा ठेव, बाकी घर काय हवं ते कर. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. "अब्बा, तो कधीच काढला," मुलगा म्हणाला. "सडला होता. नवे बसवलेत सगळे, मस्त, एकदम फर्स्ट क्लास."

"बरं," चाचा म्हणाले. "चांगलं केलंस." फोन ठेवला आणि डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीचं दार बिघडवायला घेतलं. जुन्या बिजागरीच्या झिजलेल्या खिळी त्यांनी दूध पावडरच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. फोरमन ओरडायला लागला, "चाचा, दिमाग मफी?" म्हणजे डोकं आहे की नाही. चाचांनी लक्ष दिलं नाही. आणि काय सांगू, चाळीस वर्षं दारं सरळ करणाऱ्या हाताला वाकडं जमेना. खिळी बदलल्या तरी दार जाऊन बसायचं. "लागला मेला!" चाचा चिडायचे. आम्ही पाळीपाळीने लावून बघत होतो आणि ते लागलं की सगळे हळहळत होतो. असं गॅरेज तुम्ही कुठे पाहिलं नसेल. शेवटी संध्याकाळच्या चहापर्यंत ते लोंबलं. आतून ओढलं तर लागत नव्हतं. बाहेरून उचलून आपटलं की पक्कं बसत होतं, वाटेत उघडायची भीती नाही.

हज्जिया पुन्हा आली. बसली. यावेळी तिने दार ओढलंच नाही. काठी मांडीवर घेतली, समोर बघत बसली. ती वाट बघत होती.

मुलगा आपला दुसऱ्या बाजूने आत शिरत होता. चाचांनी त्याला दंडाला धरून थांबवलं आणि दाराकडे बोट केलं. "यल्ला. जा."

तो पुढून वळसा घालून आला. पहिल्यांदा नुसतंच ढकललं, लागलं नाही. दुसऱ्यांदा उचलून आपटलं. धाड. हज्जियाने अबायाचं टोक तोंडाला लावलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी चाचांकडे बघितलं. ते डोळे मिटून, कान पुढे काढून उभे होते. त्यांनी 'परत लाव' म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. "भेटू," म्हणालो. "इंशाल्ला," ते म्हणाले. त्या शब्दाचा खरा अर्थ मला धंद्यामुळे ठाऊक होता.

नंतर एकदा फोन झाला. घर कसं आहे, मी विचारलं.

"झकास. फरशी बघ, तोंड दिसतं. सगळे दरवाजे नवीन. आवाजच नाय." मग म्हणाले, "कोण आला, कोण गेला, समजत नाय रे."

मी मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगितलं.

काल ती हिरवी गाडी ऑइल बदलायला आली. मुलगा आता दर शुक्रवारी आईला झल्लाकला नेतो, दोनदा उतरतो, दोनदा वळसा घालतो. तो आत चहा घेत होता. मी मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं, दार उचललं आणि आपटलं. धाड. ते चाचांना पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. त्यांच्या आवाजात, मागे पंख्याची घरघर, बाकी घरात कसलाच आवाज नाही.

"परत लाव."

मी रेकॉर्डिंग लावून मोबाइल टपावर ठेवला आणि दार पुन्हा उघडलं.