अंगारकीच्या दिवशी कर्सियांगचा घाट कोण चढलं?

चार नावं! आपल्या मराठी मंडळाच्या फलकावर चार नावं, पाडव्याला सत्कार, कर्सियांगचा घाट सायकलवर चढल्याबद्दल. चौघंही जीपमधून वर गेले. चढले मी, आणि माझं नाव खाली, "भोजन व्यवस्था" म्हणून! मला फार लिहिता येत नाही, चौथीतून शाळा सुटली. पण मंडळाच्या अंकात हे छापलंच पाहिजे. ज्यांना त्या रस्त्यानं जायचंय त्यांनाही उपयोग होईल.

सायकल मी सांगलीला दुधाचा रतीब घालताना शिकले. लग्न होऊन इकडे आले, तरी बालीगंजात रोज बाजारालाही सायकलनंच जाते. पण निघताना सियालदा स्टेशनावर चिटणीस दामले भावजी म्हणाले, "वहिनी, तुमची सायकल कशाला? तुम्ही जीपमध्ये डबे सांभाळा."

"डबे कुठं पळून जातायत?" म्हटलं, आणि माझीही सायकल ब्रेकव्हॅनमध्ये चढवली. जाणाऱ्यांनी हँडल सुतळीनं बांधावं, नाहीतर वाकून मिळतं.

सकाळी सिलिगुडीला हवा भरून घेतली. सुकना गावापर्यंत रस्ता सपाट, दोन्हीकडे सालाच्या झाडांचं जंगल. तिथं मी दशम्यांचं फडकं सोडलं, शेंगदाण्याची चटणी काढली. कोणी हात लावेना. भावजींनी मुद्दाम अंगारकीचा दिवस धरलेला, चौघांचा कडक उपास, चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही!

"अहो, घाट चढायचाय," मी ह्यांना म्हटलं. आमचे हे चौघांतलेच.

"गणपती चढवेल," भावजी मध्येच म्हणाले.

"मग पायडल कशाला मारताय?"

मी देवाला सांगितलं, पुढची संकष्टी धरते, आणि चार दशम्या खाल्ल्या.

पंखाबाडीचा रस्ता म्हणजे भिंतच. एक वळण संपलं की डोक्यावर दुसरं. वळणावर आतल्या बाजूनं जाऊ नका, तिथं चढ उभा असतो, बाहेरून मोठा फेरा घ्या. वरून गाडी येताना हॉर्न ऐकू आला की उतरा. चहाचे मळे छान आहेत, पण बघायला थांबलात तर परत चढावर निघणं कठीण. लुगड्याचा काचा घट्ट होता म्हणून साखळीत अडकलं नाही. दोन वळणं सायकल हातात धरून चालले, तेही लिहिते.

तिसऱ्या वळणावर भावजी रस्त्याकडेला बसले. तोंड पांढरं. मग बाकीचे दोघं, मग आमचे हे. "चक्कर येतेय गं," म्हणाले. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर मान फिरवली! मागून डब्यांची जीप आली, चौघं आत, सायकली टपावर.

जीपच्या खिडकीतून भावजी ओरडले, "वहिनी, बसा आता, हट्ट पुरे!"

"तुम्ही डबे सांभाळा," मी म्हटलं.

कर्सियांगला पोचले तेव्हा खाली सगळा मैदानी मुलूख धुरकट दिसत होता. स्टेशनाजवळ आलू दम खाल्ला, तिखट, स्वस्त, जरूर खा. चौघं जीपमध्ये आडवे. संध्याकाळी धुकं उतरलं, चंद्राचा पत्ता नाही, तेव्हा चौघांनी माझ्याच दशम्या मागून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी उतरताना चौघंही सायकलवर होते. तेवढ्यावर फोटो काढला, तोच फलकावर.

घरी येऊन गुडघे आठवडाभर दुखले, त्याचं काही नाही. ह्यांना विचारलं, "नावं ठरली त्या मीटिंगला तुम्ही बोलला का नाही?" तर म्हणे, "दामल्यांना वाईट वाटेल. आणि मला बायकोच्या मागं राहिलो म्हणून हसतील."

हसू देत. मी त्या रस्त्यावर श्वास लागून रडले, पण जीपमध्ये बसले नाही. ते माझं आहे, ते कुणाला वाटायला मी तयार नाही.

दामले भावजी, पाडव्याच्या आधीच्या रविवारी बैठक आहे. फलकावरची चार नावं त्या दिवशी पुसणार की नाही, सगळ्यांसमोर सांगा. आणि अहो, तुम्हीही. घरात नको, तिथं, उभं राहून. घाट कोण चढलं?