सेवरीनबायचा सागवानी खांब

“गळ्यातली माळ पदरात लपवून ही बाई जळालेल्या पाड्यावर चढली आणि पत्र्यांच्या मोबदल्यात तिने भोळ्या लोकांचा देव घालवला.” पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत श्री. सबनीस यांनी हे वाक्य छापले आहे. वाक्य घाटदार आहे, त्यातली माळ खरी आहे आणि पत्रेही खरे आहेत. उरलेले सारे खोटे आहे. मी त्या दिवशी पत्र्यांच्या ट्रकमध्ये बसलो होतो. सबनीस तेव्हा दादरला राहत होते.

सेवरीनबाय डोंगरी गावच्या. नवरा मच्छीमार, त्याची होडी एका वादळात गेली ती परतलीच नाही. चर्चचे एक मदत मंडळ होते, ते बाईंच्या आवाजावर चाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात त्या मंडळाने विकत घेतलेले पत्रे न्यायला हाटकेशला आमच्या कारखान्यात आल्या. आम्ही छपराचे सिमेंटचे पत्रे बनवत असू आणि मी तिथे सुपरवायझर होतो. नऊवारी लुगडे, उंच बांधा, कपाळावर घाम.

“शेठ कुठे हाय?”

“बाहेर गेलेत. मी सुपरवायझर आहे.”

“मंग बरा झाला. शेठ काय पत्रे उचलनार हाय? तू बस ट्रकात.”

चाळिशी उलटलेल्या, कॉलरला बटण लावून वावरणाऱ्या मला कारखान्यात कोणी अरे-तुरे केले नव्हते. पण मी ट्रकात जाऊन बसलो.

वाटेत त्यांनी सांगितले ते एवढेच, की डोंगरावर वणवा पेटला होता. गवत वाळून कडकडीत झालेले, त्यात खाडीचा वारा. वारल्यांचा एक पाडा होता; गवत कापून विकणारी माणसे. कारवीच्या भिंती, पेंढ्याची छपरे आणि विकायला रचून ठेवलेल्या गंज्या, सगळे एका दुपारी जळाले. माणसे शेरडे घेऊन खाली पळाली म्हणून वाचली. आता मृग तोंडावर आला होता आणि लेकरांच्या डोक्यावर काही नव्हते.

पाड्याच्या वेशीवर बाई थांबल्या. गळ्यातली रोझरीची माळ काढली, पदराच्या टोकात गाठ मारून बांधली, मग पाऊल टाकले. हीच ती सबनीसांची ‘लपवाछपवी’. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरात जाताना चपला काढतोस ना? तसा हाय ता. आपन इथं कामाला आलो, प्रवचनाला न्हाय.”

पत्रे उतरले. पण पाड्यातल्या एकाही माणसाने त्यांना हात लावला नाही. बायका राखेत बसून नुसत्या पाहत राहिल्या. मंडळाचा खजिनदार पास्कल भडकला. “बाय, यांना नको तर खालच्या वस्तीला देऊ! उपकाराची जानीव न्हाय कोनाला!” खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

पाड्याचा भगत जान्या, वाळक्या अंगाचा म्हातारा, पुढे आला. “पत्रं नको कोन सांगतं? आमचा वाघ जळला. तो उभा र्‍हाल्याबिगर आमी छप्पर घालत नाय. देव उघड्यावर न् आमी सावलीत, असं कसं?”

वाघ म्हणजे वाघदेव. सागाच्या खांबावर वाघ, सूर्य, चंद्र कोरून शेंदूर लावलेला, पाड्याचा राखणदार. त्याच्या जागी कोळशाचे एक थोटूक उरले होते. बाई त्या थोटकापाशी खाली बसल्या.

“लाकूड कसला लागते?”

“साग. अन् देनाऱ्यानं मनानं दिलेला.”

“पास्कल,” बाई उठत म्हणाल्या, “माज्या अंगनातला खांब घेऊन ये.”

पास्कलचा चेहरा मी अजून विसरलो नाही. बाईंनी नवऱ्याच्या नावाने अंगणात चौथरा बांधला होता. त्यावर क्रूस उभा करायचा म्हणून त्यांनी सागाचा खांब घडवून घेतला होता, आडव्या लाकडासाठी सुताराने खाचही पाडली होती. ज्याला माती मिळाली नाही अशा माणसाची ती एकुलती खूण होणार होती.

“बाय, ता क्रूस हाय!” पास्कल ओरडला.

“आडवा लाकूड बसला की क्रूस. आता नुसता खांब हाय.”

“लोक काय म्हनतील?”

“म्हनू दे. लोकांच्या पोरांवर पाऊस पडनार न्हाय.”

दुसऱ्या दिवशी चौघांच्या खांद्यावरून तो खांब डोंगर चढला. बाई पुढे. जान्याच्या समोर त्यांनी लाकडावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, “घे. तुजा वाघ.” कोरणी होऊन वाघ उभा राहिला, कोंबडा कापला गेला, त्या सबंध वेळात बाई जळक्या आंब्याखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या. पदरातली गाठ मुठीत आवळलेली. मी देवळात वाढलेला माणूस. पण देवासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे मला त्या पाठमोऱ्या बाईकडे पाहताना कळले. संध्याकाळी पाडा पत्र्यांवर तुटून पडला. पावसाआधी सगळी छपरे चढली.

गावात काहींनी बाईंशी बोलणे टाकले. अंगणातला चौथरा रिकामाच राहिला. त्या त्यावर बोंबील वाळवीत. “तो बोंबीलच आनायला गेलेला,” एकदा म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की मला कुठे पाहावे कळेना.

काही वर्षांनी त्या गेल्या तेव्हा पाड्यातली झाडून सारी माणसे खाली आली. चर्चच्या फाटकाशी जान्या थांबला. त्याने गळ्यातला ताईत काढला, मुंडाशाच्या टोकात गाठ मारून बांधला आणि मगच आत पाऊल टाकले. सबनीस, यालाही लपवणे म्हणा.

मी ही हकीकत सोसायटीत सांगितल्यावर परवा सबनीसांनी मला जिन्यात गाठून ऐकवले, “क्रूसाची गोष्ट तुम्ही रचलीत, काका. वखारीतले एखादे लाकूड असेल.” त्याचे उत्तर आता देतो. डोंगरावर जा. वाघदेवाला समोरून नमस्कार करा आणि मग मागे जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवा. माथ्याखाली, शेंदराच्या थरांखाली, तुमच्या बोटांना आडव्या लाकडासाठी पाडलेली ती खाच लागेल.