मदतीला जाऊ का?

आर्डिथ क्रूस शाळेत असताना चार वर्षं बास्केटबॉल खेळली आणि त्या चार वर्षांत तिने एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकला नाही. यात तिचा काही दोष नव्हता. तेव्हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मुलींचा खेळच निराळा होता. सहा जणींचा संघ. तिघींनी मैदानाच्या एका अर्ध्यात गुण करायचे, उरलेल्या तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात नुसतं अडवायचं, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. आर्डिथ अडवणाऱ्यांतली. वर्तमानपत्रात फोटो यायचे ते गुण करणाऱ्यांचे. रविवारी चर्चबाहेर लोक त्यांच्याच आयांना थांबवून कौतुक करायचे, आणि आर्डिथची आई बिचारी बाजूला उभी राहून हसायची.

पण त्या अर्ध्या मैदानात आर्डिथला जे गवसलं ते तिला जन्मभर पुरलं. समोरची पोर एकीला हुलकावणी देऊन आत घुसली की दुसरीने स्वतःच्या वाट्याची खेळाडू सोडून तिला आडवं जायचं, आणि तिसरीने लगेच त्या सुटलेलीला धरायचं. विचारत बसायचं नाही. आपण गेलो तर आपल्यामागे कुणीतरी नक्की येणार, हा भरवसा तिला पुढे संसारातही मिळाला नाही. नवरा कामाच्या निमित्ताने ओमाहाला गेला तो गेलाच.

आता ती गावातल्या छोट्या कॉलेजात मुलींच्या संघाची दुय्यम कोच होती. साठी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. मुख्य कोच लिंडग्रेन वयाने तिच्या मुलासारखा. बचावाचं काम त्याने तिच्या गळ्यात घातलं होतं, कारण त्याला स्वतःला त्यात काडीचा रस नव्हता. आणि पोरी तरी कशा? एका हिवाळ्यापुरत्या यायच्या, आपण केलेल्या गुणांचे व्हिडिओ मोठ्या कॉलेजांना पाठवायच्या आणि उन्हाळ्यात पसार व्हायच्या. आता संघ पाच जणींचा, आणि त्यांना एकमेकींच्या पावलांची सवय व्हायला वर्षं लागतात. इथे दर वर्षी नव्याने श्रीगणेशा.

टिकून राहिली ती एकटी ब्रिन ओल्टमन. शेजारच्या गावची, उंच, लाजाळू. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण मैदानावर गळा फाडून ओरडायची.

"बोला गं, बोला! दातखीळ बसली का सगळ्यांची?" आर्डिथ सरावात कावायची. "एकट्या ब्रिनलाच देवाने घसा दिलाय का?"

"कोच, पण मी माझी सोडली आणि तिने गुण केला तर लोक कुणाला बोलणार?" यंदाच आलेली टॅलिया विचारायची.

"संघाला."

"संघाला कुठे कोण बोलतं? मलाच बोलणार."

पोर उद्धट होती, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आर्डिथला त्याचा जास्त राग यायचा.

नाताळ झाल्यावर लिंडग्रेनने तिला बाजूला घेतलं. "आर्डिथ, वाईट वाटून घेऊ नका. या पोरींच्या डोक्यात तुमचं हे शिरत नाही. शनिवारचा सामना शेवटचा बघू. नाही जमलं तर प्रत्येकीने आपापली धरायची, विषय संपला."

म्हणजे जन्मभराची शिकवण आता एका शनिवारवर आली होती.

त्या शनिवारी बर्फ पडत होता, तरी कॉलेजचं क्रीडागृह भरलं होतं. पालक मंडळी कागदी वाट्यांतून राजम्याचं तिखट सूप आणि दालचिनीचे गोड रोल वाटत होती. सामना अटीतटीचा झाला. अगदी शेवटी, आर्डिथच्या संघाकडे एका गुणाची आघाडी असताना, समोरच्या संघातली एक जण चेंडू घेऊन इकडच्या एका पोरीला चकवून आत घुसली. "मदत!" ब्रिन ओरडली आणि आपली सोडून तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. पाय रोवलेले, हात वर. आर्डिथ बाकावरून उठलीच. इतकं नेटकं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. चेंडूवाली अडली. आता टॅलियाने ब्रिनच्या सुटलेल्या पोरीकडे धावायचं होतं, आणि टॅलिया स्वतःच्या पोरीला चिकटून उभी राहिली. चेंडू सुटलेल्या पोरीकडे गेला. तिने आरामात गुण केले. सामना संपल्याचा भोंगा वाजला.

"ब्रिन! आपली सोडून कुठे भटकत होतीस गं?" प्रेक्षकांतून आवाज आला. तो तिच्या वडिलांचा होता.

कपडे बदलायच्या खोलीत लिंडग्रेनही तेच म्हणाला. "ओल्टमन, आपली सोडायची नव्हती."

"तिचं बरोबर होतं," आर्डिथ म्हणाली.

"गुण तिच्याच पोरीने केले ना, आर्डिथ? सोमवारपासून आपापली धरायची. झालं." टॅलिया मान खाली घालून बुटाच्या नाड्या सोडत होती. तिला कुणी चकार शब्दाने बोललं नाही.

बाहेरच्या बोळात ब्रिनने आर्डिथला गाठलं. रडून डोळे लाल झाले होते.

"कोच, मी चुकले?"

"नाही गं. तसूभरही नाही."

"मग ते काही का म्हणेनात, तुम्ही सांगा. परत अशी कुणी घुसली तर मी मदतीला जाऊ?"

जा, म्हणायला आर्डिथने तोंड उघडलं. आयुष्यभर ती दुसरं काही म्हणाली नव्हती. पण मग तिला दिसलं की ही पोर पुन्हा जाईल, दर वेळी जाईल, मागे कुणी येणार नाही आणि दर वेळी बाप चारचौघांत ओरडेल. तिला त्या पोरीची फार दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

"नको," ती म्हणाली. "नको जाऊस."

ब्रिनने मान डोलावली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी सरावात एक जण चेंडू घेऊन ब्रिनच्या शेजारून आत घुसली. ब्रिन आपल्या पोरीला धरून जागच्या जागी उभी राहिली, तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही. सवयीने आर्डिथने शिट्टी फुंकली. सगळ्या थांबल्या आणि तिच्याकडे बघू लागल्या.

"चालू ठेवा," ती म्हणाली.